चार अणूंचं कडं

बेंझिलपेनिसिलिन आणि फेनॉक्सिमिथिलपेनिसिलिन या दोन औषधांचे रेणू कागदावर शेजारी शेजारी काढले तर त्यांतला फरक शोधावा लागतो. दोन्हींच्या बाजूच्या साखळीत बेंझिनचं कडं आहे. दुसऱ्यात त्या कड्याला लागून ऑक्सिजनचा एक अणू जास्तीचा आहे, बाकी सगळं तंतोतंत सारखं. पण जठरात असतं तेवढ्या तीव्र आम्लात, ३५ अंश सेल्सिअस तापमानाला हे दोन्ही ठेवले, तर पहिल्यातले निम्मे रेणू तीन-चार मिनिटांत मोडून पडतात. दुसऱ्यातले निम्मे मोडायला अडीच तासांहून जास्त वेळ लागतो. म्हणून पहिलं औषध सुईनं द्यावं लागतं आणि दुसऱ्याची गोळी करता येते.

तो जास्तीचा ऑक्सिजन मोडण्याच्या जागी नाहीच. रेणू जिथे तुटतो त्या कार्बनपासून तो चार अणू पलीकडे बसलेला आहे. तिथे बसून तो तुटण्याचा वेग चाळीसपट कमी कसा करतो?

रसायनशास्त्र शिकताना आपण क्रिया एकेक करून शिकतो: अमुक अधिक तमुक, बाण, आणि पुढे उत्पादित. प्रत्यक्षात कुठल्याही रेणूपुढे एका वेळी अनेक वाटा मोकळ्या असतात आणि जिची चढण सर्वांत कमी त्या वाटेनं बहुतेक रेणू जातात. रचनेत बदल केला की या सगळ्या चढणी बदलतात, पण सारख्या प्रमाणात नाही. एखादी वाट बंद होते, दुसरी उघडते, तिसरीला काहीच फरक पडत नाही. पेनिसिलिनच्या घराण्यात हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल, कारण इथे रेणूच्या एका ठरावीक जागेसाठी चार-पाच क्रिया एकमेकींशी स्पर्धा करतात आणि त्यातली कोणती जिंकते यावर रोगी बरा होणं अवलंबून असतं.

ती जागा म्हणजे चार अणूंचं एक कडं: तीन कार्बन, एक नायट्रोजन. त्यातल्या एका कार्बनला दुहेरी बंधानं ऑक्सिजन जोडलेला आहे. रसायनतज्ज्ञ त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. कार्बन-ऑक्सिजन आणि शेजारी नायट्रोजन, या जोडणीचं नाव अमाइड, आणि अमाइड ही निसर्गातल्या सर्वांत टिकाऊ जोडण्यांपैकी एक आहे. आपली सगळी प्रथिनं याच जोडणीनं बांधलेली आहेत. एन्झाइमची मदत नसेल तर साध्या पाण्यात ती तुटायला शेकडो वर्षं लागतात. या टिकाऊपणाचं कारण नायट्रोजनपाशी आहे. त्याच्याकडे बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते, ती तो शेजारच्या कार्बनला अर्धीमुर्धी देऊन टाकतो. इलेक्ट्रॉनांची भूक भागलेला तो कार्बन मग बाहेरच्या पाहुण्याला सहज जवळ येऊ देत नाही. मात्र ही देवघेव व्हायला नायट्रोजन, कार्बन आणि त्यांना जोडलेले अणू एका पातळीत सपाट असावे लागतात.

पेनिसिलिनमध्ये हे जमत नाही. चार अणूंचं कडं पाच अणूंच्या दुसऱ्या एका कड्याला पाठीशी पाठ लावून जोडलेलं आहे. त्या दुसऱ्या कड्यात गंधक आहे. नायट्रोजन दोन्ही कड्यांच्या सांध्यावर आल्यामुळे त्याला सपाट राहता येत नाही. तो वर उचलला जातो, त्याच्या तीन शेजाऱ्यांच्या पातळीपासून सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम इतका. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. हे अंतर क्षुल्लक वाटेल, पण इलेक्ट्रॉनांची ती जोडी भलत्या दिशेला वळायला तेवढं पुरतं. कार्बनची भूक तशीच राहते. त्यात पुन्हा कड्यातले कोन ९० अंशांच्या आसपास दाबलेले. जिथे कार्बनला १२० अंश हवे असतात तिथे त्याला ९० वर राहावं लागतं. पतंगाची वाकवून बांधलेली कामटी दोरा सुटला की सरळ होते, तसं हे कडं एकदा उघडलं की पुन्हा मिटत नाही.

यातलं कोणतं कारण किती मोठं, यावर रसायनतज्ज्ञांनी पुष्कळ वाद घातला आहे. मला त्यातला एक मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो: चार अणूंचं एकटं कडं, शेजारच्या कड्याविना, बऱ्यापैकी स्थिर असतं. म्हणजे नुसता ताण पुरेसा नाही. नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन कार्बनपर्यंत पोचू न देणं हे खरं काम. अवरक्त किरणांच्या शोषणातून हे मोजताही येतं. साध्या अमाइडमधला कार्बन-ऑक्सिजन बंध प्रति सेंटिमीटर १६५० च्या आसपास शोषण दाखवतो, पेनिसिलिनच्या कड्यातला १७७० च्या आसपास. बंध जास्त ताठ आहे, नायट्रोजननं त्यात काही मिसळलेलं नाही, असा त्याचा अर्थ.

ही रचना शोधून काढणंही सोपं गेलं नाही. फ्लेमिंग, १९२८ आणि बुरशी लागलेली बशी ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. मला तिच्यापेक्षा १९४३ ते १९४५ या काळात ऑक्सफर्डमध्ये चाललेला वाद जास्त शिकवणारा वाटतो. एडवर्ड एब्रहॅम आणि अर्न्स्ट चेन यांनी बीटा-लॅक्टमची रचना सुचवली. रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारख्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या सेंद्रिय रसायनतज्ज्ञाला ती पटली नाही. त्यांच्या मते तिथे पाच अणूंची दोन स्वतंत्र कडी होती. रॉबिन्सन यांच्या बाजूनं पुरावाही होता, कारण पेनिसिलिन आम्लात घालून तपासलं की हाती येणारे तुकडे त्यांच्या रचनेशी जुळत. अडचण अशी की तपासणीच रेणूला बदलत होती. आम्ल लागताच कडं उघडून रेणू नव्यानं जुळत होता आणि रसायनतज्ज्ञ त्या नव्या रेणूची रचना वाचत होते. डोरोथी हॉजकिन आणि बार्बरा लो यांनी क्ष-किरणांनी स्फटिकच पाहिला. बेंझिलपेनिसिलिनचे सोडियम, पोटॅशियम आणि रुबिडियम यांचे क्षार त्यांनी वापरले. किरण कोणतीही रासायनिक क्रिया घडवून आणत नव्हते, अणू जिथे होते तिथेच दिसले. १९४५ मध्ये चार अणूंचं कडं नक्की झालं.

आता त्या ऑक्सिजनकडे परत येऊ. आम्लात पाणी बाहेरून येऊन कडं फोडत असेल असं कुणालाही वाटेल. पण पहिला घाव रेणूच्या आतूनच बसतो. बाजूच्या साखळीतही एक अमाइड आहे, साधं, सपाट. त्याचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांनी भरलेला असतो आणि अंतरही असं नेमकं की तो वळून कड्यातल्या भुकेल्या कार्बनवर जाऊन बसू शकतो. आम्लाच्या मदतीनं तो बसतो, पाच अणूंचं नवं कडं तयार होतं आणि चार अणूंचं जुनं उघडतं. रॉबिन्सन यांना दिसलेली रचना ती हीच. बाजूच्या साखळीत ऑक्सिजनचा एक जादा अणू घातला की तो आपल्याकडे इलेक्ट्रॉन ओढतो. मग साखळीतल्या अमाइडच्या ऑक्सिजनकडे हल्ला करण्याइतके इलेक्ट्रॉन उरत नाहीत. कडं पूर्वीइतकंच कमकुवत राहतं, आतला हल्लेखोर तेवढा दुबळा होतो.

फेनॉक्सिमिथिलपेनिसिलिन हाती आलं ते ऑस्ट्रियातल्या कुंडल या गावी. तिथल्या जुन्या बिअरच्या कारखान्यात पेनिसिलिन बनत असे. मिश्रणात नको ते जिवाणू वाढू नयेत म्हणून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एर्न्स्ट ब्रांडल आणि हान्स मार्गराइटर यांनी फेनॉक्सिइथेनॉल घातलं. बुरशीनं त्याचंच रूपांतर करून ते आपल्या रेणूच्या बाजूला जोडून टाकलं आणि आम्लात टिकणारं पेनिसिलिन मिळालं. तशी बुरशी कशावर वाढते त्यावर बाजूची साखळी ठरते. युद्धाच्या काळात ऑक्सफर्डमधलं पेनिसिलिन आणि अमेरिकेत पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या भिजवणीच्या पाण्यावर वाढवलेलं पेनिसिलिन यांच्या साखळ्या याच कारणानं वेगळ्या होत्या.

कडं कमकुवत आहे याचा रोज येणारा अनुभव आपल्या घरातच असतो. लहान मुलांसाठी अॅमॉक्सिसिलिन मिळतं ते कोरड्या पावडरच्या बाटलीत. उकळून गार केलेलं पाणी घालून ते हलवायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत उरलेलं टाकून द्यायचं. इंजेक्शनच्या कुपीतही पावडरच असते, नर्स ऐन वेळी तिच्यात पाणी सोडते. पाणी हळूहळू कडं उघडतच असतं, थंडाव्यानं ते फक्त लांबतं. आपल्या रक्तातल्या प्रथिनांचे अमिनो गटही हे कडं उघडून रेणूला चिकटू शकतात. मग आपली प्रतिकारयंत्रणा त्या प्रथिनाला परकं समजते. पेनिसिलिनची अॅलर्जी येते ती इथून, आणि इंजेक्शनाआधीची टेस्ट त्यासाठीच.

मग एवढ्या सगळ्यांना बळी पडणाऱ्या रेणूचा उपयोग काय? उपयोग या दुबळेपणातच आहे. जिवाणूभोवती साखर आणि अमिनो आम्लांच्या धाग्यांनी विणलेली भिंत असते. तिचे आडवे टाके घालणाऱ्या एन्झाइमच्या पोटात सेरीन नावाचं अमिनो आम्ल असतं. धाग्याच्या टोकाला अॅलॅनिनची जोडी असते, सेरीन त्या जोडीमधला बंध तोडून धागा स्वतःला जोडून घेतं. शेवटचं अॅलॅनिन निघून जातं आणि त्या मोकळ्या जागेत शेजारचा धागा येऊन टाका पुरा करतो. पेनिसिलिनचा आकार त्या जोडीसारखा दिसतो, असं टिपर आणि स्ट्रोमिंजर यांनी १९६५ मध्ये मांडलं. सेरीन फसतं आणि चार अणूंचं कडं उघडून पेनिसिलिन स्वतःला जोडून घेतं. इथून पुढची क्रिया मात्र अडते. अॅलॅनिन सुटून निघून जायचं. पेनिसिलिनचा सुटलेला भाग गंधकाच्या कड्यानं अजून बांधलेलाच असतो, तो दारातच उभा राहतो. शेजारच्या धाग्याला आणि पाण्याला आत शिरायला जागा नाही. एन्झाइम कित्येक तास अडकून पडतं, भिंतीला टाके पडत नाहीत आणि वाढणारा जिवाणू आतल्या दाबानं फुटतो.

जिवाणूंनीही याच क्रियेवर उपाय काढलेला होता. एब्रहॅम आणि चेन यांना १९४० मध्येच, पेनिसिलिन माणसाला देण्याआधी, ते नष्ट करणारं एन्झाइम जिवाणूत सापडलं होतं. त्याच्या पोटातही सेरीनच आहे, पहिली पायरीही तीच. फरक एवढाच की तिथे पाण्याचा एक रेणू नेमका अशा ठिकाणी बसवलेला असतो की तो ताबडतोब जोडणी तोडतो. एन्झाइम मोकळं होतं, पुढचा रेणू घेतं. यांतली काही एन्झाइम सेकंदाला हजाराच्या घरात पेनिसिलिनचे रेणू फोडतात. म्हणजे एकच रेणू, एकच पहिली पायरी. पाण्याला जागा मिळाली तर औषध वाया, नाही मिळाली तर जिवाणू मेला.

हा तिढा सोडवायचा तर बाजूच्या साखळ्या हव्या तशा बदलता यायला हव्या होत्या. बुरशी सगळ्याच साखळ्या घेत नाही. जॉन शीहान यांनी १९५७ मध्ये एमआयटीत पेनिसिलिन संपूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलं, आणि इंग्लंडमध्ये बीचम कंपनीच्या गटानं १९५९ मध्ये साखळीविना नुसता गाभा वेगळा मिळवून दाखवला. पुढे हा गाभा तयार पेनिसिलिनची साखळी तोडून मिळू लागला, आणि या प्रकरणातलं मला सर्वांत सुंदर वाटणारं रसायनशास्त्र इथे आहे. साखळी तोडायची म्हणजे मजबूत अमाइड तोडायचं आणि दोन बंध पलीकडचं कमकुवत कडं शाबूत ठेवायचं. पाणी, अल्कली, आम्ल, सगळे आधी कडंच फोडणार. डेल्फ्टच्या रसायनतज्ज्ञांनी उणे ४० अंशांच्या आसपास फॉस्फरस पेंटाक्लोराइड वापरलं. या पदार्थाला इलेक्ट्रॉनांनी भरलेला ऑक्सिजन लागतो. साखळीतल्या अमाइडच्या ऑक्सिजनकडे तो भरणा आहे, कारण तिथल्या नायट्रोजननं आपली जोडी देऊ केलेली आहे. कड्यातल्या नायट्रोजननं दिलेली नाही, म्हणून तिथला ऑक्सिजन उपाशी आणि क्लोराइडला नकोसा. पाण्यापुढे ज्या गोष्टीमुळे कडं हरत होतं, त्याच गोष्टीनं ते इथे वाचलं.

आता हे काम बहुधा एन्झाइमच करतं. पेनिसिलिन अॅसायलेज साखळीला बरोबर धरतं आणि आपलं हत्यार मजबूत अमाइडसमोर आणतं, कडं त्याच्या आवाक्याबाहेर राहतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या एन्झाइमांवर मोठं काम झालं. त्यांपैकी एकाची, पेनिसिलिन व्ही (म्हणजे फेनॉक्सिमिथिलपेनिसिलिन) तोडणाऱ्या अॅसायलेजची, त्रिमितीय रचना तिथल्या शास्त्रज्ञांनी यॉर्कच्या सहकाऱ्यांबरोबर १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. शेजारी पिंपरीत, ज्याला सगळे 'एच.ए.' म्हणतात त्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात, १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागलं होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं उभा राहिलेला हा देशातला पहिला सरकारी प्रतिजैविक कारखाना. पुणे परिसराचा या रेणूशी संबंध असा जुना आहे, आणि तो आपल्याला फार थोडा माहीत आहे.

गाभा हाती आल्यावर पहिलं मोठं यश म्हणजे मेथिसिलिन. त्याच्या साखळीत बेंझिनच्या कड्यावर, अमाइडच्या दोन्ही बाजूंना, मेथॉक्सी गट बसवले होते. ही गर्दी जिवाणूच्या पेनिसिलिन फोडणाऱ्या एन्झाइमला मानवत नाही, भिंत विणणाऱ्याला चालते. पण मेथॉक्सी गट नुसती जागा अडवत नाही, तो बेंझिनच्या कड्यातून इलेक्ट्रॉनही पुढे ढकलतो. त्यामुळे साखळीतला तो आतला हल्लेखोर ऑक्सिजन आणखी सशक्त झाला. आम्लात मेथिसिलिन बेंझिलपेनिसिलिनपेक्षाही लवकर मोडतं, म्हणून ते कायम सुईचंच औषध राहिलं. एकाच गटानं आकारमानानं एक क्रिया रोखली आणि इलेक्ट्रॉनांनी दुसरीला बळ दिलं. ऑक्सासिलिन आणि क्लॉक्सासिलिनमध्ये मग असं कडं बसवलं जे जाडजूडही आहे आणि इलेक्ट्रॉन ओढणारंही. दोन्ही गोष्टी साधल्या. आपल्याकडच्या अँपिसिलिन-क्लॉक्सासिलिनच्या जोड कॅप्सूलमधलं दुसरं नाव ते हेच. अँपिसिलिनमध्ये साखळीवर अमिनो गट असतो. आम्लात तो धनभारित होतो आणि इलेक्ट्रॉन इतक्या जोरानं ओढतो की निम्मे रेणू मोडायला दहा-अकरा तास लागतात.

जिवाणू थांबले नाहीत. १९६१ मध्येच मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस इंग्लंडमध्ये नोंदवला गेला. त्यानं औषध फोडायचा मार्ग सोडून भिंत विणणारं एन्झाइमच बदललं होतं. नव्या एन्झाइममधलं सेरीन असं आत दडलेलं आहे की पेनिसिलिनशी त्याची पहिली पायरीच अत्यंत मंद होते. तिसरा मार्ग जस्ताचा. २००८ मध्ये एका रुग्णात सापडलेलं, नवी दिल्लीचं नाव दिलेलं एनडीएम हे एन्झाइम सेरीन वापरतच नाही. जस्तानं धरून ठेवलेलं पाणी ते थेट कड्यावर सोडतं. क्लाव्हुलानिक आम्लासारखे मदतनीस पदार्थ, जे सेरीनला अडकवण्यासाठी बनलेले आहेत, त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात.

याला दिलेल्या उत्तरात दोन रेणू आहेत. पहिला अॅझ्ट्रेओनॅम. त्यात चार अणूंचं कडं एकटं आहे, शेजारी दुसरं कडं नाही. एकटं कडं स्थिर असतं हे आपण पाहिलं, म्हणून त्याच्या नायट्रोजनवर थेट सल्फोनेट गट बसवला आहे. नायट्रोजन वर उचलून जे साधलं होतं, ते इथे त्याचे इलेक्ट्रॉन बाहेर ओढून साधलं. एनडीएमच्या जस्ताला हा रेणू नीट धरता येत नाही, तो त्याच्या हातून सुटतो. पण सेरीनवाली जुनी एन्झाइम अॅझ्ट्रेओनॅमलाही फोडतात. दुसरा रेणू त्यांच्यासाठी: अॅव्हिबॅक्टम. त्यात बीटा-लॅक्टम नाहीच, पाच अणूंचं कडं आहे. सेरीन ते उघडतं, अडकतं, आणि पाण्यानं ही जोडणी तुटत नाही. पेनिसिलिनचं कडं उघडल्यावर परत मिटत नव्हतं. इथे मात्र पाच अणूंच्या कड्यावर तेवढा ताण नाही आणि सुटलेला नायट्रोजन अगदी जवळच उभा असतो. सेरीन सुटायचं झालं तर पाण्याची वाट न धरता कडंच पुन्हा मिटतं, रेणू जसाच्या तसा बाहेर पडतो आणि पुढच्या एन्झाइमला जाऊन अडकवतो. या दोघांच्या जोडीला युरोपात २०२४ मध्ये परवानगी मिळाली.